आधी बोटीचं नाव विचारा

तीन बोटी घेऊ. पहिली कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’, मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी. तिचं ग्रॉस टनेज ४८,५६३. दुसरी वायकिंग कंपनीची ‘वायकिंग स्टार’, साधारण ४७,८००. तिसरी सिल्व्हरसीची ‘सिल्व्हर नोव्हा’, साधारण ५४,७००. एका धक्क्यावर ओळीनं उभ्या केल्या, तर तिघींच्या आकारात सामान्य माणसाला फारसा फरक जाणवणार नाही. आता आत किती माणसं असतात ते पाहा. एका खोलीत दोघं या हिशोबानं एम्प्रेसवर सुमारे १,६००, वायकिंग स्टारवर ९३० आणि सिल्व्हर नोव्हावर ७२८.

ग्रॉस टनेज म्हणजे बोटीचं वजन, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा आहे. त्याचं सूत्र १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानं ठरलेलं आहे, त्यामुळे कुठल्याही देशातल्या कुठल्याही दोन बोटी या एका मापानं ताडून पाहता येतात. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं, की माणशी वाट्याला येणारी जागा कळते. एम्प्रेसवर हा भागाकार ३०च्या आसपास येतो, वायकिंग स्टारवर ५१ आणि सिल्व्हर नोव्हावर ७५. नाश्त्याच्या वेळी टेबलासाठी थांबावं लागेल का, बंदरात उतरताना रांग किती लांब असेल, डेकवर खुर्ची मिळेल की सकाळी सहाला जाऊन टॉवेल टाकून ती धरून ठेवावी लागेल, हे बरंचसं या एका भागाकारात ठरून गेलेलं असतं. रंगीत माहितीपत्रकात झुंबरं असतात, संगमरवरी न्हाणीघर असतं, कॅव्हिआरची बशी असते. भागाकार नसतो.

पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून क्रूझला जाणाऱ्यांमध्ये अलीकडे एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. साठीच्या आगेमागे असलेलं जोडपं. मुलं आपापल्या ठिकाणी स्थिरावलेली. युरोपची बसमधली धावपळ एकदा करून झालेली, रोज पहाटे बॅगा भरून खाली आणायचा कंटाळा आलेला. आता एकदाच बॅग उघडायची आणि निवांत फिरायचं, त्यासाठी साठवलेल्यातले चांगले पैसे मोजायचे, असं दोघांनी ठरवलेलं असतं. अशा लोकांच्या हातात जे कोटेशन पडतं त्यावर पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं: भूमध्य समुद्र, दहा रात्री, लक्झरी, ऑल इनक्लुसिव्ह. बोटीचं नाव नसतं. मला हे फार खटकतं. आयुष्यभराच्या बचतीतून जी वस्तू घ्यायची तिचं नावच कागदावर नाही, असा व्यवहार आपण घराच्या बाबतीत कधी करणार नाही.

समुद्रावरचं खरं ऐश्वर्य म्हणजे माणशी जागा आणि माणशी राबणारे हात, असं माझं ठाम मत आहे. बाकीची सजावट या दोहोंच्या मागून येते.

जागेचा हिशोब कधीकधी चकितही करतो. रॉयल कॅरिबियनची ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनेजची, अवाढव्य. पण तिच्यावर खोलीत दोघं धरून ५,६१० प्रवासी असतात. भागाकार येतो ४४. उलट ‘क्रिस्टल सेरेनिटी’ ही २००३ सालची बोट, ६८,८७० टनेजची. तिच्या खोल्या अलीकडच्या नूतनीकरणात एकमेकींत मिळवून मोठ्या केल्या आणि प्रवासी ९८० वरून ७४० वर आणले. तिचा भागाकार ९३. म्हणजे वीस वर्षांहून जुनी बोट या कसोटीवर कोऱ्या करकरीत बोटींच्या पुढे आहे. एजंट जेव्हा ‘एकदम नवीन बोट आहे’ असं मोठ्या उत्साहानं सांगतो, तेव्हा ती मागच्या वेळी कधी गोदीत गेली होती आणि तिथे तिच्यात काय बदललं, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

अगदी लहान बोटींना मात्र हे माप तितकं लागू पडत नाही. सगळं काही भाड्यात धरलेल्या छोट्या ऐषारामी बोटींचा पायंडा ज्यांनी पाडला त्यांत ‘सी गॉडेस’चं नाव अग्रभागी घ्यावं लागतं. १९८४मध्ये ती पाण्यात आली, पुढच्या वर्षी तिची जुळी बहीण आली. प्रत्येकीचं टनेज सव्वाचार हजारांच्या आसपास आणि प्रवासी शे-सव्वाशे. दोघी आजही ‘सीड्रीम’ या नावानं चालतात. त्यांचा भागाकार चाळिशीही गाठत नाही. पण तिथे माणसं सारा दिवस उघड्या डेकवर असतात, आणि उघडा डेक टनेजमध्ये मोजलाच जात नाही. ज्याला खोलीची बाल्कनी हवी, पावसाळी दिवशी बसायला ग्रंथालय हवं, त्यानं अशा बोटीच्या वाटेला जाऊ नये.

खोलीच्या क्षेत्रफळातही एक मेख आहे. रीजंट कंपनीच्या ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’वरची सर्वात लहान बाल्कनीची खोली ३०७ चौरस फुटांची सांगितली जाते. त्यातले ८८ फूट बाल्कनीचे असतात, आतली खोली २१९. हे लपवलेलं नसतं, फक्त एकत्र छापलेलं असतं. मुंबईकराला कार्पेट आणि बिल्टअपमधला फरक समजावून सांगायची गरज नाही. तोच प्रश्न इथे विचारायचा.

आता हातांकडे वळू. सिल्व्हर नोव्हावर ७२८ प्रवाशांमागे साडेपाचशेच्या जवळपास कर्मचारी असतात. आयकॉनवर ५,६१० प्रवाशांमागे २,३५०. एकीकडे एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला सव्वा-दीड प्रवासी, दुसरीकडे जवळजवळ अडीच. तिसऱ्या दिवशी तुमचा चहा बिनसाखरेचा आहे हे न सांगता कळतं, ते या फरकामुळे.

आणि हे हात पुष्कळदा आपल्याच किनाऱ्यावरचे असतात. पी अँड ओ आणि इतर ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे आचारी आणि स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या होते. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. बोटीवर जागा मिळेपर्यंत मुंबईत राहायचं कुठे, यासाठी त्यांनी धोबीतलाव, माझगाव, डाबूळ या भागांत गावागावाच्या नावानं कूड उभे केले. कूड म्हणजे एखाद्या गावच्या लोकांचा सामायिक निवारा. माफक वर्गणी, भिंतीलगत ओळीनं मांडलेल्या पेट्या, एक वेदी आणि संध्याकाळची रोझरीची प्रार्थना. धोबीतलावात त्यांतले काही कूड अजूनही आहेत. सासष्टी आणि बारदेशातली कित्येक घरं तारवट्यांच्या पगारावर उभी राहिली. आज त्यांच्यासोबत रत्नागिरी-रायगडची आणि मुंबईच्या उपनगरांतली, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलंही या बोटींवर असतात.

त्यांचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो. या काळात आठवड्याची सुट्टी अशी नसते. सागरी कामगारांसाठीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम असा, की चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. भारतानं हा करार २०१५मध्ये मान्य केला. त्या ७७ तासांची दुसरी बाजू मांडून पाहा: आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम नियमात बसतं. कोविडच्या सुरुवातीला तर ही मंडळी बोटींवरच अडकली. एप्रिल २०२०मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे शंभरावर भारतीय कर्मचारी मुंबई बंदरापर्यंत येऊनही लगेच उतरू शकले नव्हते. म्हणून बोट निवडताना कर्मचाऱ्यांची संख्या विचारावी असं मी सांगतो, ते फक्त प्रवाशाच्या सोयीसाठी नाही. जिथे हात जास्त तिथे प्रत्येक हातावरचा भार कमी. हे कारणही मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

‘ऑल इनक्लुसिव्ह’ या शब्दांत काय काय येतं, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. रीजंटच्या भाड्यात दारू, टिप, वायफाय आणि सगळी उपाहारगृहं येतातच, शिवाय बंदरांवरच्या सहलीही येतात; काही खास सहलींना तेवढे वरचे पैसे पडतात. सीबोर्नवर पेयं आणि टिप धरलेली असते, पण नेहमीच्या समुद्रसफरींमध्ये किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. सिल्व्हरसीवर प्रत्येक खोलीला बटलर असतो, अगदी सर्वात स्वस्त खोलीलासुद्धा. मात्र तिथलं ‘ला दाम’ हे फ्रेंच उपाहारगृह जादा पैशांचं. एक्सप्लोरा जर्नीजवरही बहुतेक सगळं भाड्यात आलं तरी ‘अँथॉलॉजी’त जेवायचं तर वेगळे पैसे. वायकिंग स्वतःला पूर्ण ऑल इनक्लुसिव्ह म्हणवत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर-वाइन, प्रत्येक बंदरात एक सहल, वायफाय आणि उष्णस्नानाची दालनं एवढं ती भाड्यात देते. तिच्यावर कॅसिनो नाही आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. या यादीतल्या गोष्टी हंगामागणिक बदलतात, भाड्याच्या प्रकारानुसारही बदलतात. तेव्हा तुमच्या तारखेची, तुमच्या भाड्याची यादी लेखी घ्यायची. फोनवरचं ‘हो, हो, सगळं आहे त्यात’ पुरेसं नाही.

मराठी घरांच्या दृष्टीनं या यादीतली सर्वात मोठी गोष्ट दारू आहे. तिच्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही, म्हणून इथे हिशोबच मांडतो. समजा, एका नेहमीच्या मोठ्या बोटीवर बाल्कनीच्या खोलीचं भाडं माणशी रात्रीला २५० डॉलर आहे. त्यात टिपचे १८, वायफायचे २०, किनाऱ्यावरच्या सहलीचे १२०, खास उपाहारगृहाचे ४० आणि पेयांच्या पॅकेजचे ८० मिळवले, की ५२८ होतात. दुसरीकडे सगळं धरलेल्या ऐषारामी बोटीचं भाडं ६५० आहे असं धरू. पिणाऱ्याला वरचे १२२ डॉलर देऊन दुप्पट जागा आणि दुप्पट सेवा मिळते. सौदा वाईट नाही. न पिणाऱ्याचा पहिला हिशोब मात्र ४४८वरच थांबतो, म्हणजे त्याला त्याच बोटीसाठी वरचे २०२ डॉलर पडतात. दोघांचे दहा रात्रींचे होतात ४,०४०. यातला एक भाग शेजारच्या टेबलावरच्या शॅम्पेनला जातो. आकडे वानगीदाखल घेतले आहेत, पण रीत हीच. दोघांपैकी कुणीच घेत नसेल तर वायकिंगसारखी अर्धवट-समावेशक बोट हा माझ्या मते शहाणपणाचा पर्याय आहे. तिथे माणशी जागा पुरेशी आहे आणि दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे कमी भरावे लागतात.

जेवणाचा प्रश्न दारूपेक्षा सोपा आहे. भटारखान्यात भारतीय आचारी असण्याची शक्यता चांगली, आणि साधं शाकाहारी जेवण या दर्जाच्या बोटींवर विनासायास मिळतं. जैन जेवण, कांदा-लसूण नको, उपवास, असं काही असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावं. बंदर सुटल्यावर मध्यसमुद्रात सामान भरता येत नाही. औपचारिक पोशाखाच्या रात्रीची चिंता मात्र आपल्या बायकांनी करूच नये. चांगली पैठणी तिथल्या कुठल्याही गाउनच्या तोडीस तोड असते आणि राष्ट्रीय पोशाख औपचारिक मानला जातो.

बोटीचा आकार आणखी एक गोष्ट ठरवतो, ती म्हणजे तुम्ही खरोखर कुठे पोचणार. व्हेनिसचंच घ्या. १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनेजवरच्या किंवा १८० मीटरहून लांब बोटींना सान मार्कोच्या समोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. म्हणजे आपण वर पाहिलेली सिल्व्हर नोव्हाही तिथून जाऊ शकत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस’ छापलेलं असतं आणि बोट उभी असते रावेन्नाला, जवळपास दीडशे किलोमीटरवर. सान्तोरिनीला ज्वालामुखीच्या विवरात पाणी इतकं खोल आहे, की मोठ्या बोटी नांगर टाकून उभ्या राहत नाहीत. छोट्या टेंडर होड्यांनी किनारा गाठायचा आणि मग केबल कारच्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत एकाच सकाळी पाच-सहा हजार माणसं असू शकतात. तुमची बोट कितीही ऐश्वर्यसंपन्न असो, रांग सगळ्यांना सारखीच. तेव्हा आपल्या दिवशी त्या बंदरात आणखी कुठल्या बोटी येणार आहेत, हेही पाहावं. बंदरांची वेळापत्रकं पुष्कळ आधी उपलब्ध असतात.

अंटार्क्टिकात तर आकडाच सर्वस्व आहे. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीवरून कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका जागी एका वेळी जास्तीत जास्त शंभर माणसं. मोठ्या बोटीनं गेलात तर पेंग्विन दुर्बिणीतून पाहायचे. ‘सीबोर्न व्हेंचर’ २६४ प्रवाशांची आहे, तीसुद्धा पाळ्या लावते. गॅलापागोसमध्ये एका बोटीवर शंभरच प्रवासी चालतात, म्हणून ‘सिल्व्हर ओरिजिन’ बांधली तीच शंभर जणांची. नॉर्वेच्या जागतिक वारशातल्या फ्योर्डांमध्ये १०,००० टनेजखालच्या प्रवासी बोटींना १ जानेवारी २०२६पासून शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली आहे. मोठ्या बोटींना २०३२पर्यंत मुदत आहे. गायरांगेर फ्योर्डचं स्वप्न असलेल्यांनी आपली बोट तिथे खरंच जाणार का, हे भाडं भरण्याआधी नक्की करून घ्यावं.

मुंबईकरांना वाटतं, एखादी अशी बोट आपल्याच बंदरातून पकडावी. पूर्वी ते थोडं सोपं होतं. युरोपातला उन्हाळा संपला की काही बोटी सुएझमार्गे आशियाकडे निघत आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या हंगामात मुंबई, मुरगाव, कोचीला थांबत. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी तो मार्ग सोडला, काहींनी आफ्रिकेला वळसा घातला. त्यामुळे अशा सफरीवर पैसे लावताना मार्ग बदलल्यास काय मिळणार, ते करारात वाचून घ्यावं.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी चार शब्द. स्टॅबिलायझर नावाचे पंख बोटीचं डावं-उजवं हेलकावणं बरंच कमी करतात, पुढं-मागं होणारी उसळी मात्र त्यांना थांबवता येत नाही. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. सर्वात महाग खोल्या नेमक्या वर आणि टोकांना असतात, हे लक्षात ठेवा. अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा ड्रेक पॅसेज ८०० किलोमीटर रुंद आहे. तिथे चौऱ्याऐंशी प्रकारची चीज असली तरी जेवण जाईलच असं नाही. खोली निवडताना डेकचा नकाशा उघडून वर काय आहे आणि खाली काय आहे तेही पाहा. वर जलतरण तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. पुढच्या टोकाला खाली असाल तर नांगर सुटताना जाग येते.

पैशांच्या सुरक्षेकडे आपण सर्वात कमी लक्ष देतो. जानेवारी २०२२मध्ये क्रिस्टल कंपनी मालक समूहासह कोसळली. ‘क्रिस्टल सिम्फनी’ मायामीला जायची होती, पण इंधनाच्या थकलेल्या बिलांपायी तिच्या जप्तीचा आदेश निघाला होता. ती बहामामधल्या बिमिनीला वळली आणि प्रवाशांना फेरी बोटीनं फ्लोरिडाला नेलं. त्याच वर्षी सिम्फनी आणि सेरेनिटी या दोन्ही बोटी नव्या मालकांनी घेतल्या आणि २०२३मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, हा वेगळा भाग. आपल्याकडे २०१९मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२०मध्ये बंद पडली आणि तिची ‘कर्णिका’ अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. ऐषारामी बोटींचं आरक्षण वर्ष-दीड वर्ष आधी होतं. एवढा काळ मोठी रक्कम दुसऱ्याकडे राहणार असेल तर कंपनी बुडाल्यास भरपाई देणारा विमा आहे का, हे पाहायलाच हवं. त्याच विम्यात बोटीवरून हेलिकॉप्टरनं हलवण्याचा वैद्यकीय खर्चही असावा. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल कुठल्याही ‘ऑल इनक्लुसिव्ह’मध्ये गृहीत धरू नका. व्हिसाचंही तसंच. बोट ग्रीसहून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत येणार असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही.

आजी-आजोबा, मुलं, नातवंडं असा तीन पिढ्यांचा बेत असेल तर छोट्या ऐषारामी बोटीचा नाद सोडा. तिथल्या संध्याकाळी शांत असतात, दहा वर्षांचं पोर दोन दिवसांत कंटाळतं आणि वायकिंग तर त्याला घेणारच नाही. अशा कुटुंबासाठी मोठ्या बोटीतला राखीव भाग बरा. एमएससीनं २००८मध्ये ‘फँटासिया’वर यॉट क्लब या नावानं तो सुरू केला. स्वतंत्र उपाहारगृह, स्वतंत्र डेक, आणि पोरांना घसरगुंड्यांपाशी जायला दार उघडं.

राहिला खोलीचा दर्जा. पैसे बेताचे असतील तर लोक साध्या बोटीवरची मोठी खोली घेतात, कारण खोलीचे फोटो दिसतात. मी उलट सांगेन. सेव्हन सीज एक्सप्लोररवर ४,४४३ चौरस फुटांचा सुईट आहे, त्याचं भाडं सुरुवातीला रात्रीला दहा हजार डॉलर असल्याच्या बातम्या झाल्या होत्या. त्या सुईटमधला माणूस आणि २१९ फुटांच्या खोलीतला माणूस त्याच उपाहारगृहांत जेवतात आणि त्याच डेकवरून त्याच बंदरात उतरतात. चांगल्या बोटीवरची सर्वात लहान खोली घ्या, आणि बोटीचं नाव, टनेज, प्रवासी आणि कर्मचारी हे चार तपशील कोटेशनवर लिहून आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.